गाजरगवत तीन वर्षं उपटतोय, दरवर्षी जास्तच उगवतंय, नक्की चुकतंय कुठे?

पडीक_अडीच_एकर

नमस्कार मंडळी, वाचतो नेहमी, लिहितोय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

घरची अडीच एकर जमीन आहे, मधली सात-आठ वर्षं कोणी तिकडे फिरकलंच नाही, आता मी बघायला लागलोय तर जमीन कमी आणि गाजरगवत जास्त अशी परिस्थिती. पहिल्या वर्षी उत्साहात रोटाव्हेटर मारला, सगळं पांढरं फुललेलं होतं ते मातीत गाडलं, म्हटलं चला खतही झालं. पुढच्या पावसात असं उगवलं की पाय ठेवायला जागा नाही. दुसऱ्या वर्षी माणसं लावून उपटलं, बांधावर ढीग घातले, वाळल्यावर पेटवू म्हटलं ते राहून गेलं, आणि आता त्या ढिगांभोवतीच सगळ्यात दाट पट्टा आहे. गेल्या वर्षी कंटाळून ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं. आठ-दहा दिवसांत सगळं पिवळं, मी खूश. पण त्यात जे काही बरं गवत होतं तेही गेलं आणि पुढच्याच सरीनंतर उघड्या मातीवर हिरवा गालिचा, वाकून बघितलं तर सगळी गाजरगवताचीच पिल्लं.

वर माझ्या हातांना कोपराच्या आतल्या बाजूला आणि मानेवर लाल चट्टे उठलेत, घाम आला की आग होते. पहिली दोन वर्षं काहीच झालं नव्हतं म्हणून हातमोजे वगैरे लाड केले नाहीत.

बांधाला घाणेरी आहे ती वेगळीच, माणसापेक्षा उंच झालीय, आणि खालच्या कोपऱ्यात छोटं तळं आहे ते जलपर्णीने भरलंय. म्हणजे तिघी बहिणी माझ्याकडेच माहेरपणाला.

प्रश्न असा की सुरुवात कुठून करू? कोणी म्हणतं मीठ फवार, कोणी म्हणतं भुंगे सोड, कोणी म्हणतं औषधाचा डोस वाढव, आणि एक जण म्हणाला सोडून दे, निसर्ग बघून घेईल. खरं सांगू, शेवटचा सल्ला फार आवडलाय, पण मन धजत नाही.

बांधावरून

फुललेलं गाजरगवत रोटाव्हेटरने गाडलंत म्हणजे पेरणीच केलीत की हो! हसत नाहीये, आम्हीही केलीय.

खुरपं_आणि_मी

पडीकभाऊ, तिन्ही वर्षांत तुम्ही वर दिसणाऱ्या झाडाशी भांडलात आणि खरं भांडण मातीतल्या बियांशी आहे, त्यामुळे प्रत्येक उपायाने तुम्ही बियांचीच सोय केलीत.

एक फूल तोडा आणि मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा. ज्वारीच्या दाण्याएवढं पांढरं बोंड, त्याला पाच कोपरे दिसतील, प्रत्येक कोपऱ्याशी एक बी. म्हणजे एका बोंडात पाच. आता एका झाडावरची बोंडं मोजा. मी एकदा बसलो होतो मोजायला, दुसऱ्या फांदीवरच नाद सोडला. चांगलं पोसलेलं झाड पंधरा-वीस हजार बिया सहज टाकतं आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलायलाही लागतं, म्हणजे ओल असेल तर वर्षात तीन-चार पिढ्या. वरवर पडलेलं बी फार टिकत नाही, उगवतं नाहीतर मरतं. पण तेच बी चार-पाच सेंटीमीटर खाली गाडलं गेलं की झोपून राहतं, वर्षानुवर्षं, आणि कधीतरी नांगरटीत वर आलं, उजेड दिसला की जागं होतं. तुमचा रोटाव्हेटर म्हणजे बँकेत मुदतठेव टाकून आलात, आता ती दर पावसाळ्यात व्याजासकट मिळतेय.

त्यामुळे पहिली गोष्ट, माती हलवणं बंद. खरंच बंद.

दुसरं म्हणजे अडीच एकर एकदम अंगावर घेऊ नका. ऑस्ट्रेलियात सिडनीला जोन आणि आयलीन ब्रॅडली म्हणून दोन बहिणी होत्या, त्यांनी १९६० च्या दशकात आसपासच्या झाडीतलं तण हाताने काढत काढत एक पद्धत बसवली, पुढे तीच ब्रॅडली पद्धत म्हणून ओळखली गेली. आपण सगळे जिथे तण सगळ्यात माजलंय तिथे तुटून पडतो, त्या उलट करायच्या. जिथे चांगलं गवत, चांगली झाडी शिल्लक आहे तिथून सुरू करायचं, तिथली दोन-चार तणाची झाडं काढायची, माती कमीत कमी उकरायची, आणि आपलं चांगलं गवत जेवढं पुढे सरकेल तेवढंच आपण पुढे सरकायचं. गवताच्या वेगाने चालायचं, आपल्या उत्साहाच्या वेगाने नाही. हे वाचलं तेव्हा मला पटलंच नव्हतं, वाटलं निवांत बायकांचा निवांत उद्योग, आणि मग दोन पावसाळे करून बघितलं तेव्हा जीभ चावली.

उपटायची वेळ म्हणजे पाऊस पडून गेल्यावर, माती मऊ असताना, आणि झाड अजून जमिनीलगत पानं पसरून बसलेलं असताना. तेव्हा ते अगदी कोथिंबिरीच्या नाहीतर गाजराच्या पाल्यासारखं दिसतं. मधून दांडा वर निघाला की समजायचं दिवस मोजके राहिले. मुळाच्या गळ्याशी धरून सावकाश ओढायचं, वरून ओढलं की दांडा तुटतो आणि गळ्याशी डोळे असतात त्यातून चार फुटवे येतात, मग एकाचे चार केल्याचं पुण्य. फुलायच्या आधी उपटलेलं तिथेच पसरून टाका, चांगलं आच्छादन होतं, खड्ड्यात कुजवलंत तरी चालतं. फुललेलं असेल तर मात्र ढीग नको. पोत्यात भरून तोंड बांधा आणि उन्हात काळ्या प्लास्टिकखाली ठेवा. कंपोस्टमध्ये टाकायचा मोह होतो, पण ढीग आतून नीट तापला नाही तर बिया शिल्लक राहतात आणि तुम्ही त्या खत म्हणून हाताने पसरता.

आणि मोकळी झालेली जागा मोकळी ठेवू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. टाकळा लोक मुद्दाम टाकतात कारण पावसात तो गाजरगवताच्या आधी उठून सावली धरतो, हा प्रयोग बऱ्याच ठिकाणी झालेला आहे. दाट गवत असेल तर त्याहून चांगलं. टाकळा पुढे स्वतःच माजू शकतो हे लक्षात ठेवून.

विसरलो, ट्रॅक्टर आत घ्यायच्या आधी त्याची चाकं आणि पाती धुऊन घ्या, आणि स्वतःच्या पँटची मोड झटका. मी एकदा मोडीतली माती कागदावर झटकून बघितली होती, सांगत नाही काय निघालं ते.

चट्टेवाले_घर

बाकी सगळं राहू द्या हो, आधी हातांचं बघा. मी डॉक्टर नाही पण आमच्या घरात एकाला हेच झालंय. पहिली दोन-तीन वर्षं काही होत नाही, मग एक दिवस सुरू होतं आणि मग सुटतच नाही. गाजरगवतात पार्थेनिन म्हणून एक द्रव्य असतं, पानांवरच्या बारीक लवेत, त्याची शरीराला हळूहळू ओळख होते आणि एकदा ऍलर्जी बसली की झाडाला हात न लावता नुसती वाळलेली धूळ उडाली तरी पापण्या, मान, कोपराची लवण लाल होते. परागकणांनी दमा-सर्दीचा त्रास होतो तो वेगळा. आमच्याकडे सुरुवातीला सगळे उन्हाने झालंय उन्हाने झालंय म्हणत राहिले, त्यात वर्ष गेलं.

त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि सांगताना गाजरगवत हा शब्द आवर्जून सांगा. तोपर्यंत उपटायचं काम दुसऱ्याने, तेही रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल. काम झालं की कपडे वेगळे धुवायचे. आणि ते वाळलेले ढीग पेटवू नका प्लीज.

पंप_पाठीवर

धाग्यावर आता सगळे तणनाशकाला शिव्या घालणार म्हणून आधीच लिहून ठेवतो. औषध वाईट नव्हतं, निवड आणि वेळ चुकली. ग्लायफोसेट हिरवं दिसेल ते मारतं, गवत कुठलं तण कुठलं त्याला कळत नाही. मातीला लागलं की मातीच्या कणांना घट्ट चिकटतं आणि गप्प बसतं, म्हणजे मागून उगवणाऱ्या बियांना त्याचा काडीचाही धाक नाही. तुम्ही गाजरगवताचे सगळे स्पर्धक मारून त्याला मैदान मोकळं करून दिलंत, पुढे जे झालं ते होणारच होतं. आणि तळ्यातलं गढूळ पाणी पंपात भरलं असेल तर अर्धं औषध टाकीतच चिखलाला चिकटून वाया गेलं, धुळीने माखलेल्या पानांवर मारलं तरी तेच.

२,४-डी रुंद पानाच्या तणावर चालतं आणि गवत वाचवतं, त्यामुळे तुमच्यासारख्या ठिकाणी तेच जास्त शहाणपणाचं. फक्त वारा बघा. त्याचे तुषार शेजारच्या कापसावर नाहीतर द्राक्षावर गेले तर पानं अशी आकसतात की शेजारी जन्मभर बोलणार नाही. झाड लहान असताना, फुलाच्या आधी, आणि जिथे हाताने आवरणार नाही अशाच पट्ट्यात मारा.

डोस वाढवायचा सल्ला देणाऱ्याला नमस्कार करा आणि पुढे चला. ग्लायफोसेटला न जुमानणारं पहिलं तण १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात सापडलं, रायगवत होतं ते, आणि नंतर कोलंबियात खुद्द गाजरगवतही त्याला पुरून उरलेलं निघालं. तेच तेच औषध वर्षानुवर्षं मारलं की जे मरत नाही त्याचंच बियाणं आपण निवडून ठेवतो.

कॅन्सरचं विचारणार असाल तर, २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ग्लायफोसेट बहुधा कर्ककारक असू शकतं अशा गटात टाकलं, आणि अमेरिकेच्या पर्यावरण खात्यासकट काही नियामक संस्थांनी ते मान्य केलं नाही. वाद चालू आहे. मी मास्क आणि मोजे घालून मारतो आणि पाण्याच्या आसपास अजिबात मारत नाही, त्यात मिसळलेली चिकटद्रव्यं बेडकांना फार वाईट.

मिठाचं पण सांगतो, १५-२० टक्क्यांचं द्रावण फवारलं की गाजरगवत करपतं हे खरं आहे. ते रस्त्याच्या कडेला वगैरे ठीक, जिथे पुढे काही उगवायचं नाहीये. स्वतःच्या जमिनीत मीठ घालणं म्हणजे, जाऊ दे.

एक_शंकासुर

मला एक कळत नाही, परदेशी झाड म्हणून एवढा राग कशाला? झेंडू कुठला? गुलमोहर कुठला? त्यांना कोणी उपटत नाही. गाजरगवताने निदान उघडी माती तरी झाकली ना, निसर्गाला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

भिंगवाली

शंकासुर, झेंडू आणि गाजरगवत तर एकाच कुळातले आणि साधारण एकाच मुलखातले, मेक्सिको आणि आजूबाजूचा भाग. कुठून आलं याच्यावर कोणी रागावत नाहीये, आल्यावर काय करतंय ते बघतायत. बाहेरून आलेली बहुतेक झाडं माणसाने काळजी घेणं सोडलं की मरून जातात. वनस्पतीवाल्यांत एक ढोबळ हिशोब सांगतात की आणलेल्या दहातलं एखादं आपल्या बळावर रुजतं आणि रुजलेल्या दहातलं एखादं डोक्यावर बसतं. आयपीबीईएस म्हणून जैवविविधतेवर काम करणारं आंतरसरकारी मंडळ आहे, त्यांच्या २०२३ च्या अहवालात माणसाने इकडून तिकडे नेऊन रुजलेल्या ३७ हजारांवर प्रजाती मोजल्यात, प्राणी-वनस्पती सगळं धरून, आणि त्यातल्या साडेतीन हजारांच्या वर घातक. म्हणजे नव्वद टक्के बिचाऱ्या आपापल्या कामात आहेत, गुलमोहरासारख्या.

आणि माती झाकली म्हणताय तर उन्हाळ्यात जाऊन बघा, गाजरगवत वाळून गेलेलं असतं आणि खाली माती उघडीच. हिरवं असेपर्यंत मुळांतून, गळलेल्या पानांतून शेजाऱ्यांची उगवण दाबणारी द्रव्यं सोडतं. गुरं तोंड लावत नाहीत, चुकून खाल्लंच तर दूध कडू होतं.

आता भुंग्याचं, कारण तो माझा आवडीचा विषय आहे आणि कोणीतरी विचारावं म्हणून मी वाटच बघत होते.

दुसऱ्या देशात गेलेलं झाड माजतं त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्याला खाणारे किडे मागेच राहतात. मग ते किडे शोधून आणायचे, अशी कल्पना. सगळ्यात गाजलेली गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या फड्या निवडुंगाची. १९२५ पर्यंत जवळपास अडीच कोटी हेक्टर जमीन त्याखाली गेली होती, लोक घरं सोडून निघून गेले. तेव्हा अर्जेंटिनातून कॅक्टोब्लास्टिस नावाच्या पतंगाची अंडी आणली, वाढवली, १९२६ पासून सोडली, आणि त्याच्या अळ्यांनी सहा-सात वर्षांत निवडुंग आतून पोखरून चिखल करून टाकला. क्वीन्सलँडमधल्या बूनार्गा गावात १९३६ मध्ये लोकांनी त्या पतंगाच्या नावाने सभागृह बांधलं. किड्याच्या नावाने! 

पण ही गोष्ट इथे थांबवली की फसवणूक होते. तोच पतंग १९५७ मध्ये कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर सोडला, आणि १९८९ मध्ये तो फ्लोरिडात जाऊन पोचला, जिथले निवडुंग तिथलेच, मूळचे, काही तर दुर्मिळ. एकीकडचा देव दुसरीकडे राक्षस. म्हणून कुठून तरी किडे आणून सोडतो असं कोणी म्हणालं की मला घाम फुटतो. हे काम चाचण्या करून, परवानगीने, त्या विषयातल्या लोकांनीच करायचं.

आणि किडा बरोबर ओळखणं म्हणजे काय त्याचाही एक किस्सा आहे. साल्व्हिनिया म्हणून तरंगणारं नेचं आहे, तळी झाकून टाकतं. सुरुवातीला त्याची ओळखच चुकली, दुसऱ्याच जातीचं समजून तिच्यावरचे किडे आणले आणि ते काही केल्या टिकेनात. १९७२ मध्ये ती वेगळी जात आहे हे ठरलं, मग तिचं मूळ गाव दक्षिण-पूर्व ब्राझीलमध्ये सापडलं, तिथून एक इवलासा सोंडकिडा आणला आणि १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तळ्यात सोडला. वर्षभराच्या आसपास तळं मोकळं. पुढे पापुआ न्यू गिनीत तो किडा काही जागी जोर धरेना, कारण पाण्यात नत्र कमी आणि झाड निकस, तेव्हा त्या लोकांनी काय केलं असेल? तणाला युरिया घातला! झाड सकस झालं, किड्यांचं पोट भरलं, किडे वाढले, झाड संपलं. हे वाचून मी एकटीच हसत बसले होते.

गाजरगवताचा भुंगा म्हणजे झायगोग्रामा बायकोलोराटा, मेक्सिकोतून बंगळुरूला आणून तपासला आणि १९८४ मध्ये सोडला. मधे बोंब उठली होती की हा सूर्यफूल खातो, समिती वगैरे बसली, तर निघालं असं की सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे परागकण पडले होते त्यामुळे तो तोंड लावत होता. तो पाऊस पडला की मातीतून वर येतो, पानं आणि कोवळे शेंडे खातो, कोरडं पडलं की परत मातीत शिरून झोपतो. पडीकभाऊ, आता विचार करा तुमचा रोटाव्हेटर अजून कोणाकोणाच्या अंगावरून गेला असेल.

दोन-चार भुंगे बरणीत आणून सोडले तर काही होत नाही, एका जागी शेकड्याने लागतात, आणि पहिल्या वर्षी काही दिसेल अशी आशा नको. पण बऱ्याच ठिकाणी तो आता आपोआपच पोचलाय. विकत आणायच्या आधी पानं उलटून बघा.

डोंगरउतार

घाणेरीवर कोणी काही बोललंच नाही म्हणून मी बोलतो, आयुष्याची चांगली दहा वर्षं तिच्यात गेलीत.

कोयत्याने वरून छाटू नका. पेटवू तर अजिबात नका. दोन्हीने ती बुंध्यापासून दसपट जोमाने फुटते, जणू आपण छाटणी करून दिली. खणून समूळ काढायला गेलं तर माती इतकी उकरली जाते की खालच्या सगळ्या बिया उगवतात. दिल्लीचे प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलेली एक पद्धत आहे, ती मला सगळ्यात भावली. बुंध्याचा फुटवे येणारा भाग जमिनीच्या जेमतेम खाली असतो. झुडपाकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे काटेरी फांद्या अंगावर येत नाहीत, आणि कुदळीने मुख्य मूळ जमिनीखाली साधारण तीन सेंटीमीटरवर तोडायचं. मग अख्खं झुडूप उचलून उलटं, मुळं वर करून ठेवायचं, म्हणजे परत मातीला टेकून रुजत नाही. खालचं मूळ तिथेच कुजतं. पहिल्या दिवशी पाठीचे टाके ढिले झाले, आठवड्याने हात बसला, नंतर एका झुडपाला दोन-तीन घाव.

पण खरं काम नंतरचं आहे. फळं पक्षी खातात आणि जिथे बसतात तिथे पेरतात, त्यामुळे दोन वर्षं प्रत्येक मोठ्या झाडाखाली आणि कुंपणाच्या तारेखाली चक्कर मारायची, बोटाएवढी रोपं दिसली की उपटायची. आणि सगळी घाणेरी एका दमात काढू नका. आमच्याकडे मी काढली आणि त्या जागी वर्षभरात कोण आलं? गाजरगवत. शिवाय आत पक्ष्यांची घरटी असतात, तेवढ्या आडोशाला दुसरं काही उभं राहीपर्यंत पट्ट्यापट्ट्याने काढा.

गुरांना काढलेला पाला कुठल्याही परिस्थितीत खाऊ देऊ नका, यकृत जातं आणि उन्हात कातडी सोलवटते.

फर्निचर, टोपल्या, खत अशा उपयोगांचं कौतुक मीही ऐकतो, चांगली कामं चाललीत आणि लोकांना रोजगार मिळतो. फक्त वापरून वापरून ती संपेल असं कोणी म्हणालं की मी गप्प बसतो, कारण ज्यावर पोट भरतं ते संपावं असं कोणाला वाटेल?

बांधावरून

तळ्याबद्दल, परत मीच. पाणी कुठून येतं ते सांगा आधी. जलपर्णीला दोन आठवडेसुद्धा लागत नाहीत दुप्पट व्हायला, पण ते पाण्यात खाऊ असेल तर. सांडपाणी नाहीतर शेणाचा, खताचा ओघळ येत असेल तर तो बंद केल्याशिवाय कितीही काढा, ती तुमच्यापेक्षा तरुण आहे. व्हिक्टोरिया सरोवरात १९९० च्या दशकात सोंडकिडे सोडले, यंत्रं लावली, दशकाच्या शेवटी ती खूप घटली, आणि नंतर परत आली कारण घाण येणं थांबलंच नव्हतं.

छोटं तळं आहे तर हातानेच होईल. दाताळ्याने कडेकडेने ओढा, मधले धागे तुटून तुकडे राहू देऊ नका, प्रत्येक तुकडा नवीन झाड. काढलेली काठावर टाकली तर पहिल्या पावसात लोळत परत पाण्यात, म्हणून चांगली वर, उतारापासून लांब टाका. नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं तिच्यात, वाळली की ढीग एवढासा होतो, तेव्हा खूप काम केल्याचा आनंद ओली असतानाच घेऊन टाका. चिखलातलं बी पंधरा-वीस वर्षंही जगतं, त्यामुळे तळं आटून परत भरलं की त्या वर्षी जास्त लक्ष.

पडीक_अडीच_एकर

काय बोलू, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. डॉक्टरांकडे जाऊन आलो, चट्टेवाले बरोबर निघाले, मला उपटायची मनाई झालीय. मोठ्या भावाला हातमोजे देऊन उतरवलंय, तो माझ्याकडे ज्या नजरेने बघतो ते सोडा.

तळ्यात गोठ्याचा ओघळ येतोय, बघितलं जाऊन, तो आधी वळवतो. ढीग प्लास्टिकखाली झाकले. पश्चिमेच्या कडेला एक पट्टा आहे जिथे गवत अजून चांगलं आहे, तिथूनच सुरुवात करतोय ब्रॅडली बहिणींसारखी, आत्ता जेमतेम दहा गुंठे. त्याच्या पुढे मुद्दाम तीन फूट बाय तीन फुटाचा चौकोन दोरीने आखला आणि पावसानंतर रोपं मोजली. दोनशे बारा. खुरपंभाऊ, मुदतठेव पिकली.

शंकासुर, निसर्ग बघून घेईल हे तुमच्यासारखंच मलाही वाटत होतं.

एक_शंकासुर

बघून घेईल हो, फक्त किती वर्षांत ते मी म्हटलं नव्हतं. तो चौकोन तसाच ठेवा आणि दरवर्षी मोजा, मला आकडा हवाय.

खुरपं_आणि_मी

दोनशे बारा तर कमीच आहेत. मोजून झाल्यावर उपटलीत ना?

पडीक_अडीच_एकर

भावाने उपटली. उपटताना त्याला एका पानाखाली एक किडा दिसला, नखाएवढाही नाही, पाठ पिवळसर आणि तिच्यावर गडद तपकिरी नागमोडी रेघा, आणि शेजारच्या चार झाडांचे शेंडे खाऊन साफ. मी उरलेल्या दोन एकरांत उद्या २,४-डी मारणार होतो. भिंगवालीताई, हाच का तो?

भिंगवाली

हाच तो!! पंप उतरवून ठेवा. शेजारच्या झाडांची पानं उलटून बघा, बारीक पिवळी अंडी दिसतात का सांगा, आणि भावाला म्हणावं तो कोपरा उपटू नको.